मदत हवी आहे: शिंपल्यातील अणूंची मोजणी

नमस्कार. मी मालवणजवळच्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. मोल (६.०२२ × १०²³ कणांचा गट) ही संकल्पना मुलांना हाताळता येईल अशा वस्तूवरून समजावी, म्हणून तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, कडक उन्हात वाळवून त्यांची खलबत्त्यात बारीक पूड केली आहे. शिंपला मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटचा असतो आणि त्याचे एक मोल म्हणजे ४० + १२ + ४८, अर्थात १०० ग्रॅम, असल्याने आकडेमोड सुटसुटीत होते: १० ग्रॅम म्हणजे ०.१ मोल, म्हणजेच ६.०२२ × १०²² सूत्र-एकके (CaCO₃ या सूत्रातील एक कॅल्शिअम, एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन अणूंचे गट), आणि प्रत्येक एककात ऑक्सिजनचे तीन अणू असल्यामुळे ऑक्सिजनचे अणू सुमारे १.८१ × १०²³. तिनाने गुणण्याची ही पायरी मुले हमखास गाळतात.

शिंपल्यात थोडे सेंद्रिय द्रव्यही असल्याने हे उत्तर प्रत्यक्षापेक्षा जास्त येते. ते दुरुस्त करण्यासाठी पूड जादा हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून उरलेले आम्ल सोडिअम हायड्रॉक्साइडने मोजावे, की कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर घटलेले वजन पाहावे? पूड शुद्ध असल्यास ४.४ ग्रॅम वायू जायला हवा. परंतु आमचा तराजू ०.१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो, म्हणजे चूक दोन टक्क्यांहून अधिक, आणि शोधायचा फरकही साधारण तेवढाच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत हे कोणी केले असल्यास आम्लाची संहती किती ठेवावी, तेही कृपया कळवावे.