प्रति: डॉपलरमध्ये सुई नसते?
वर कुणीतरी लिहिलंय की लिंगाचा डॉपलर, म्हणजे ताठरता येत नसेल तर तिथला रक्तप्रवाह बघायची तपासणी, ही नुसती सोनोग्राफी, सुई-बिई काही नाही. हे अर्धंच खरं आहे. प्रोब वरूनच फिरवतात, पण तपासणी नीट करायची तर आधी बारीक सुईने लिंगात पापाव्हेरीन किंवा अल्प्रोस्टाडिल हे ताठरता आणणारं औषध देतात आणि मग थोड्या थोड्या वेळाने रक्ताचा वेग मोजतात. हे आधी सांगितलं नाही तर माणूस टेबलावरून उठून जातो. माझा चुलतभाऊ दारव्ह्याहून यवतमाळला आला तेव्हा तसाच उठत होता. बाहेर बाकावर सगळ्या गरोदर बाया, भिंतीवर गर्भलिंगनिदान होत नसल्याचा बोर्ड, आणि हा एकटा टोपी मांडीवर घेऊन बसलेला. "मले घरी ने," म्हणे. हात धरून बसवला.

धमनीतला वेग सेकंदाला 22 सेंटिमीटर आला. 25 च्या खाली म्हणजे रक्तच कमी पोचतंय असं धरतात, 35 च्या वर चांगला. डॉक्टरांनी लगेच साखर अन् ईसीजी करायला लावलं, कारण हृदयाच्या धमन्यांपेक्षा इथल्या धमन्या बारीक, बिघाड आधी इथे दिसू शकतो. साखर निघाली! त्याआधी दोन वर्षं तो रस्त्याकडेच्या तंबूतली जडीबुटी खात होता, कापसाचे पैसे त्यातच गेले. मला अजून राग येतो त्याचा.

आणि इंजेक्शननंतर ताठरता चार तासांच्या वर राहिली तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठायचा. गावाकडची एसटी पकडायच्या आधी कुठे जायचं ते विचारून ठेवा.