बीओडीच्या गणितात ४.२ की २१०?

एकाने विचारलंय की बाटलीत विरघळलेला ऑक्सिजन सुरुवातीला ७.८ आणि शेवटी ३.६ मिग्रॅ प्रति लिटर, ७.८ वजा ३.६ म्हणजे ४.२, मग पुस्तकात बीओडीचं (म्हणजे सांडपाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचं) उत्तर २१० मिग्रॅ प्रति लिटर कसं? वजाबाकी बरोबर आहे, फक्त विरलीकरण राहिलं. ३०० मिलीच्या बाटलीत सांडपाणी फक्त ६ मिली आहे, बाकी सगळं विरलीकरणाचं पाणी. म्हणजे ५० पट, ४.२ गुणिले ५० बरोबर २१०.

सूत्र पाठ करण्याआधी हे पाहा: २७ अंशांना लिटरभर पाण्यात ऑक्सिजन जेमतेम ८ मिग्रॅ मावतो. २१० ची भूक असलेलं सांडपाणी तसंच बाटलीत भरलं तर ऑक्सिजन केव्हाच संपेल आणि मोजायला काही उरणारच नाही. म्हणूनच शेवटी निदान १ मिग्रॅ ऑक्सिजन उरायला हवा आणि घट निदान २ ची हवी. तुमच्या गणितात दोन्ही अटी पाळल्या जातात.

अजून एक, यात मीही खूपदा फसलोय: दिवसांवरून बीओडी काढायच्या सूत्रात के (ऑक्सिजन किती वेगाने खर्च होतो तो स्थिरांक) ०.२३ दिला असेल तर ई-चा घात घ्या, ०.१ असेल तर बहुधा दहाचा. आणि बाटली किती दिवस ठेवली ते नीट वाचा! आपल्याकडे भारतात २७ अंशांना ३ दिवस, परदेशी पुस्तकांत २० अंशांना ५.