तिसऱ्या घंटेआधी : खान्देशात जुनी नाटकं कशी बघावीत

गाजलेलं नाटक खान्देशात येतं ते दौऱ्याच्या बसमधून. दौरा नाशिकवरूनच मागे फिरला की विषय संपला. जळगावला छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आहे, धुळ्याला राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर आहे; बहुतेक तालुक्यांना मात्र शाळेचं सभागृह, नाहीतर मोकळं मैदान. त्यामुळे इथला नाटकवेडा माणूस निम्मी नाटकं खुर्चीवरून बघतो आणि निम्मी टीव्हीसमोर. या धाग्यात आठवणी नकोत, 'काय ती गर्दी, काय त्या टाळ्या' पुष्कळ झालं. कुठे बसायचं, काय वाचून जायचं, चित्रफीत कशी लावायची, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा.

जळगावहून

तिकीट काढताना पहिल्या रांगेसाठी भांडू नका. खुर्ची नाटकाप्रमाणे बदलते.

'शांतता! कोर्ट चालू आहे'ला चौथी ते आठवी रांग, मधला पट्टा. हे नाटक बारीक वस्तूंवर चालतं. सुरुवातीलाच नायिका बेणारेबाईंचं बोट दाराच्या कडीत चेमटलेलं असतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्या त्याच दाराकडे धावतात आणि दार बाहेरून लागलेलं असतं. ज्याने सुरुवातीला ते बोट बघितलं, त्यालाच तो दुसरा क्षण पुरता लागतो. अगदी शेवटी सामंत हिरवा कापडी पोपट त्यांच्याजवळ ठेवतो. विसाव्या रांगेतून तो पोपट नुसता हिरवा ठिपका दिसतो, आणि मागचे लोक टाळ्या सुरू करून उठायला लागतात.

'घाशीराम कोतवाल'ला नेमकं उलटं. तिथे ओळीने उभी राहिलेली माणसं हाच पडदा आणि हीच भिंत. ओळ वळते, फुटते, पुन्हा जुळते. ते नक्षीसारखं बघायचं असतं. पुढून फक्त धोतरं आणि पाय दिसतात. बाराव्या रांगेच्या मागे बसा, किंवा बाल्कनीची पहिली रांग घ्या.

बाल्कनीच्या खालच्या शेवटच्या चार-पाच रांगा मात्र कुठल्याच नाटकाला घेऊ नयेत. छतावरून परतणारा आवाज तिथे पोचत नाही. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. 'काय म्हणाला?' हा प्रश्न सगळ्यात जास्त तिथेच विचारला जातो. कडेच्या खुर्च्यांचंही बघून घ्या. दौऱ्याचा सेट मोठ्या शहरांतल्या रंगमंचाच्या मापाने बनवलेला असतो. इथे रुंदी कमी पडली की बाजूचे फ्लॅट, म्हणजे सेटच्या उभ्या भिंती, आत वळवून लावतात, आणि टोकाच्या चार-पाच खुर्च्यांना मागचं दार किंवा जिना दिसतच नाही.

चाळीसगावहून

संगीत नाटकाबद्दल लिहिते. 'सौभद्र' १८८२चं. तेव्हाचे प्रयोग रात्रभर चालत, आताचे तीन तासांत बसवतात. म्हणजे कात्री लागलेली असते, आणि ती लागते दुय्यम प्रवेशांना आणि लागोपाठ येणाऱ्या पदांना. म्हणून जाण्याआधी संहिता एकदा चाळावी. अर्जुन यतीच्या वेषात का बसलाय आणि सुभद्रेला हे ठाऊक नाही हे का महत्त्वाचं, एवढं पक्कं असलं की कापलेला भाग आपला आपण भरून काढता येतो. पदांचे शब्द तर वाचलेच पाहिजेत. अहिराणी घरातल्या मुलांना नाटकातली कुठलीही बोली दहा मिनिटांत कळायला लागते, पण पदांतले संस्कृत समास गाताना तुटतात आणि वाचल्याशिवाय जुळत नाहीत.

नांदी चुकवू नका. नांदी आणि सूत्रधार-नटीचा प्रवेश म्हणजे 'अजून सुरू व्हायचंय' नव्हे. गायकाची पट्टी, ऑर्गनचा आवाज, माइकची पातळी सगळं तिथेच लागतं, आणि आपला कानही.

ऑर्गन-तबला ज्या बाजूला मांडलाय त्याच्या विरुद्ध बाजूला बसावं. त्याच बाजूच्या पुढच्या रांगांत तबला शब्दांवर चढतो.

'वन्स मोअर' देताना घड्याळ बघा हो! एक पद पुन्हा म्हणजे पाच-सात मिनिटं. तीन वेळा मागितलं की शेवटच्या अंकाची घाई होते, कारण नाट्यगृह ठरल्या वेळेला रिकामं करून द्यायचं असतं.

उघड्यावरचा प्रयोग असेल, जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात किंवा कुठल्या मैदानावर, तर थंडीत दव पडतं. दवाने तबल्याची पुडी सैल होते, सूर उतरतो. वादक मध्येच हातोडी घेऊन बसला तर शिट्ट्या मारू नका. उन्हाळ्यात कोरड्या हवेत उलटं, सूर चढतो.

धुळ्याहून

'तो मी नव्हेच' फिरत्या रंगमंचासाठीच लिहिलं-बसवलं गेलं, १९६२ साली. कोर्ट चालू असतं, साक्षीदार बोलायला लागला की मंच फिरतो आणि घडलेला प्रसंग समोर येतो. लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री, नट एकच. प्रभाकर पणशीकरांचं नाव या नाटकाला चिकटलं ते यामुळे.

बघताना खरी गंमत आहे ती वेषांतराच्या वेळेत. मंच फिरायला लागल्यापासून नवा माणूस बोलेपर्यंतचे सेकंद मनात मोजा. पडद्यावर हेच बघितलं तर मध्ये कट असतो, आणि कट आला की ती करामत संपली. राहतात फक्त पाच मिशा-दाढ्या.

हौशी संस्था हे नाटक घेतात तेव्हा घोळ होतो तो मंच फिरवणाऱ्या चकतीचा. चकती चाकांवर उभी असते, तिला खालची जमीन सपाट लागते. शाळेच्या रंगमंचाला फळ्यांचे जोड असतात, कुठे बोटभर उतार असतो, आणि दोन चाकं अधांतरी राहिली की मंच अडकतो. मग चकती काढून अंधार करून काम भागवतात. पंधरा वेळा अर्ध्या मिनिटाचा अंधार म्हणजे साडेसात मिनिटं. हशा थंड पडायला तेवढी पुरतात. अशा प्रयोगाला जाऊ नका असं नाही, पण नाटक 'संथ' वाटलं तर दोष नाटककार अत्र्यांचा नाही एवढं धरून चला.

मैदानावरच्या आवाजाचं चाळीसगावच्या ताईंच्या मुद्द्याला जोडून सांगतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रंगमंचाजवळ एक स्पीकर आणि ३५ मीटर मागे दुसरा असला, की मागच्या स्पीकरजवळच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, एक दशांश सेकंदाच्या फरकाने. शब्द दुहेरी यायला लागले तर सरळ उठून पुढे या.

भुसावळहून

पडद्याचं माझ्याकडे. आधी हे ओळखा, की 'नाटक बघितलं' म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी असतात : नाटकावरून केलेला चित्रपट, स्टुडिओत नव्याने चित्रित केलेलं नाटक, आणि चालू प्रयोगाचं चित्रण. तिन्हींची सेटिंग वेगळी.

दूरदर्शनच्या काळातलं जुनं चित्रण ४:३ मापाचं असतं. नव्या टीव्हीवर ते आपोआप ताणलं जातं आणि सगळे नट बुटके, रुंद दिसतात. टीव्हीच्या मेनूत चित्राचं माप ४:३ करा; दोन्ही बाजूला काळे पट्टे राहतील, राहू द्या. हात हलवला की कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात, तो चित्रफितीचा बिघाड नव्हे, जुन्या चित्रणाची पद्धत. संगणकावर व्हीएलसी या चित्रफीत लावायच्या प्रोग्रॅममध्ये डी दाबलं की रेघा जातात, ए दाबत गेलं की माप बदलत जातं.

चालू प्रयोगाच्या चित्रणात संवाद बारीक आणि टाळ्या कानठळ्या बसवणाऱ्या, कारण माइक प्रेक्षकांतही असतो. आवाज वरखाली करत बसू नका. व्हीएलसीच्या ऑडिओ इफेक्टमध्ये बारीक-मोठा आवाज जवळ आणणारा कॉम्प्रेसर आहे, तो लावा. टीव्हीत 'नाइट मोड' किंवा 'क्लिअर व्हॉइस' असं काहीतरी असतंच. 'म्युझिक' मोड बंद; तो खर्ज वाढवतो आणि संवाद गढूळ होतात.

सगळ्यात जास्त चुकतं ते ब्लूटूथ स्पीकरने. त्यात आवाज ओठांच्या मागे राहतो. चित्रपटगीतात खपून जातं, नाटकात नाही, कारण नाटकाचा विनोद वेळेवर उभा असतो. टीव्हीतली आवाज मागे-पुढे करायची सोय बहुधा आवाज आणखी उशिरा नेण्यापुरतीच असते, तिचा इथे उपयोग शून्य. तार लावा. तार नसेल तर संगणकावर व्हीएलसीत जे आणि के ही दोन बटणं आवाज ५० मिलिसेकंदांनी मागे-पुढे करतात. दार आपटण्याचा प्रसंग शोधा आणि त्यावर जुळवा.

अमळनेरहून

चित्रपट बघून 'नाटक बघितलं' म्हणणाऱ्यांसाठी थोडंसं.

'नटसम्राट' नाटक १९७०चं, चित्रपट २०१६चा. चित्रपटातला रामभाऊ मूळ नाटकात नाही. तो आला की नायक बेलवलकरांना बोलायला बरोबरीचा माणूस मिळतो. नाटकात ती स्वगतं त्यांना एकट्याने पेलावी लागतात. दोन्हींत बेलवलकरांचं एकटेपण सारखं राहत नाही, म्हणून आधी नाटक वाचा, मग चित्रपट लावा.

'कट्यार काळजात घुसली' नाटक १९६७चं, चित्रपट २०१५चा. पंडितजी-खाँसाहेबांची पूर्वकथा चित्रपटात डोळ्यांसमोर घडते. अभिषेकीबुवांच्या चालींसोबत शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आहेत. रंगमंचावर गायक प्रेक्षक बघून जागा (सुरांची वळणं) वाढवतो, चित्रपटात गाणं ठरल्या मिनिटांत संपतं. नाटकाची ध्वनिफीत वेगळी ऐकली तरच नाटकातली जागा कळते.

'घाशीराम'चा १९७६चा चित्रपट ('नाटकच आहे' म्हणून लावू नये) हा वेगळाच प्रकार. पटकथा मूळ नाटककार तेंडुलकरांचीच, पण ती माणसांची भिंत शोधत बसलात तर निराश व्हाल. ओम पुरी आणि मोहन आगाशे यांच्यासाठी बघा. 'शांतता'चा १९७१चा चित्रपट मात्र सुलभा देशपांडेंसाठी बघायलाच हवा, रंगमंचावरच्या बेणारेबाई त्याच होत्या.

नंदुरबारहून

साडेनऊचा प्रयोग पावणेदहाला सुरू, मध्यंतर धरून साडेबारा-पाऊण. परतीच्या गाडीचं आधी बघा, भो. सेटचा ट्रक उशिरा आला तर अजून तासभर जातो. सेट लावायला तीन-चार तास लागतात. संध्याकाळी सहाला नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी ट्रक उभा नसेल, तर जेवूनच जा.

शिरपूरहून

शेक्सपिअर इथे रंगमंचावर येणं अवघडच, तेव्हा पडदाच. 'हॅम्लेट'चे दोन चित्रपट शेजारी ठेवा. ऑलिव्हिएचा १९४८चा अडीच तासांचा, त्यात रोझेनक्रांट्झ, गिल्डनस्टर्न आणि फोर्टिनब्रास काढून टाकलेत. ब्रॅनाचा १९९६चा चार तासांचा, जवळजवळ पूर्ण संहिता. तो एका बैठकीत संपवू नका, चौथ्या अंकातल्या हॅम्लेटच्या मोठ्या स्वगतानंतर त्यातच मध्यंतर आहे, तिथे थांबा. 'किंग लिअर'साठी कोझिन्त्सेवचा १९७१चा रशियन चित्रपट. आधी विंदा करंदीकरांचं मराठी 'राजा लिअर' वाचून घेतलं की उपशीर्षकांकडे डोळे कमी जातात आणि चेहरे बघता येतात. लिअरचीच छाया असलेला 'नटसम्राट'ही त्यानंतर पुन्हा लावा.

पाचोऱ्याहून

एवढंच विचारायचं होतं, की मध्यंतरात घेतलेले केळ्याचे वेफर तिसऱ्या घंटेनंतर संपवायचे कसे?

जळगावहून

पाकीट आधीच पूर्ण फाडून रुमालात ओता. आवाज वेफरचा कमी, प्लास्टिकचा जास्त असतो. आणि माइक पुढच्या कठड्यावर असतात, तेव्हा पहिल्या दोन रांगांतल्यांनी बाहेरच संपवून या, नाहीतर आख्खं नाट्यगृह ऐकतं.