मुलीचा गर्भपात : आईवडिलांना काय सांगावं?

प्रश्न (नवापूर) : आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका जोडप्याला कॉलेजातल्या मुलीच्या गर्भपाताचं आठवड्यानं कळलं. वडील तिच्याशी बोलत नाहीत. भेटायला जाताना काय बोलावं?

धुळे : ताई, आधी तब्येत. सलग दोन तास, तासाला दोन पॅड भिजत असतील, 38 अंशांवर ताप किंवा दुर्गंधीचा स्राव असेल तर लगेच दवाखाना. थोडं रक्त दोनेक आठवडे जातंच.

जळगाव : वडिलांसोबत बायबलमधलं लूक 15:20 वाचा, उधळ्या पुत्राची गोष्ट. मुलानं कबुली द्यायच्या आधीच बाप धावत गेला. येताक्षणी ‘पश्चात्ताप कर’ म्हटलं की मुलगी मिटून जाते. कबुली तिच्या तोंडून, तिच्या वेळेला येऊ द्या. नातवंड गेल्याचं दुःख आईवडिलांनाही असतं, ते खरंच आहे. पण ते तिच्यापुढे नको, पाळकांजवळ रडून मोकळं करावं. स्तोत्र 34:18 सोबत असू द्या : परमेश्वर भग्नहृदयी लोकांजवळ असतो.

धुळे : आणि कृपा करून प्रार्थनासभेत नाव घेऊन विनंती नको! गर्भपात कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनुसार डॉक्टरांनाही नाव उघड करता येत नाही. झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलंच राहिलं तर टेली मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.