मुंडकारांच्या केसी तुंबल्या त्याला मामलेदार जबाबदार की त्याच्यावर टाकलेली सतरा कामं?

डिचोलीकर
गोव्याचा मुंडकार कायदा 1975 चा, म्हणजे पन्नास वर्षं उलटली. भाटात, म्हणजे दुसऱ्याच्या बागायती जमिनीत, घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला, म्हणजे मुंडकाराला, भाटकाराने (जमीनमालकाने) हुसकावू नये आणि ते घर नि भोवतालची जागा (पंचायत हद्दीत 300 चौरस मीटर, पालिकेत 200) त्याला विकत घेता यावी, मूळ गोष्ट एवढीच. तरी आजसुद्धा गावागावात अशी घरं आहेत की अर्ज आजोबांनी केला, तारखा बापाने केल्या आणि आता फाईल नातवाच्या पिशवीत. छप्पर गळतं म्हणून दुरुस्तीला पंचायतीत गेलं की भाटकाराची एनओसी आणा म्हणतात, बँक कर्ज देत नाही कारण जमीन नावावर नाही.

लोक म्हणतात कचेरीतले लोक आळशी. मला ते कारण पुरेसं वाटत नाही. या केसी, म्हणजे दावे, चालवणारा तालुक्याचा मामलेदार दिवसभर काय करतो ते बघा ना. तो महसूल अधिकारी, तोच कार्यकारी दंडाधिकारी, निवडणूक आली की मतदार याद्या त्याच्याकडे, पावसात झाड पडलं पूर आला की आपत्ती व्यवस्थापन त्याच्याकडे, बेकायदा बांधकाम पाडायला तो उभा, मंत्री आला की बंदोबस्ताला तो, जून महिन्यात दाखल्यांची रांग त्याच्या दारात, आणि पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे तालुक्यातल्या देवस्थानांचा प्रशासकही तोच, म्हणजे महाजनांचं (देवस्थानात हक्क असलेल्या घराण्यांचं) भांडण, कमिटीची निवडणूक, पालखी कोणी धरायची, सगळं त्याच्या टेबलावर. एवढं करून उरलेल्या वेळात त्याने न्यायाधीश व्हायचं. सुनावणीला माणसं कामधंदा सोडून, वकिलाला पैसे देऊन येतात आणि शिपाई सांगतो, साहेब साइटवर गेले, पुढची तारीख घ्या. फक्त कूळ-मुंडकार केसी चालवणारा, दुसरं कसलंही काम नसलेला अधिकारी प्रत्येक तालुक्याला हवा. बारा तालुके, बारा माणसं, जास्त नाही मागत.

पर्वरीवाला
पटत नाही. लोकसंख्येच्या मानाने सरकारी नोकर जास्त असलेल्या राज्यांत आपण वरच्या रांगेत आहोत, आणि कुठलंही काम अडलं की आपलं उत्तर ठरलेलं, अजून पदं भरा. पदं म्हणजे काय होतं ते 2024 मध्ये नोकरीसाठी पैसे घेतल्याची प्रकरणं बाहेर आली तेव्हा सगळ्यांनी बघितलं. जॉइंट मामलेदार कशाला नेमले होते? एक, दोन, तीन करत नेमले ते हाच भार हलका करायला ना? मग त्यांनाही तीच बाकीची कामं दिली. उद्या तुमचे बारा नेमले तरी पहिल्या निवडणुकीला त्यांना मतदान केंद्रांच्या कामाला लावतील. पुढची तारीख देणाऱ्याला कोणी विचारतच नाही का दिली म्हणून, माझ्या मते खरं दुखणं ते आहे. दाखल्यांसाठी 2013 चा मुदतीत सेवा देण्याचा कायदा आला तेव्हापासून दाखला बऱ्यापैकी वेळेत मिळतो, माणसं तीच होती.

फोंड्याची वकील
दाखला आणि निवाडा एका तराजूत घालू नका प्लीज. रोज या केसी करते म्हणून सांगते, निम्मा वेळ वारसांत जातो. आपल्याकडे पोर्तुगीज सिव्हिल कोड, लग्न झालं की सहसा नवरा-बायको दोघांचा अर्धा अर्धा हिस्सा, म्हणून मूळ भाटकार वारला की मुलं, सुना, जावई सगळे पार्टी. त्यातला एक लिस्बनला, एक इंग्लंडात स्विंडनला, एक कॅनडात, एकाचा पत्ता कोणालाच माहीत नाही. नोटीस परत येते. तोवर अजून कोणी वारतं, त्याचे वारस परत रेकॉर्डवर आणा. मग निकाल लागला तर अपील डेप्युटी कलेक्टरकडे, तिथून ट्रिब्युनल, तिथून हायकोर्ट आणि बऱ्याचदा केस परत मामलेदाराकडे, नव्याने ऐका म्हणून. यात अधिकारी पूर्णवेळ असून काय करणार, तो नोटीस पोचायची वाट बघत बसणार.

भाटांतलो
कोणी आमच्या बाजूने पण बोला. भाटकार म्हटलं की लोकांना मोठा वाडा आणि माडांची रांग दिसते. आमच्या आईच्या नावावर एक तुकडा आहे, त्यात परक्यांची घरं, वाटणी करता येत नाही, विकता येत नाही, केसी पडून. आम्हालाही निकाल हवाच आहे. पण लवकर पाहिजे म्हणून चौकशी न करता नको. भाडं देऊन राहणारा मुंडकार होत नाही, नोकर म्हणून ठेवलेला होत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय, तरी असे दावे येतात. तलाठी येऊन बघणार, जुना सर्व्हे आणि एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद) काढणार, साक्षी होणार, याला वेळ लागतो आणि लागायला पाहिजे.

डिचोलीकर
@भाटांतलो चौकशी व्हायलाच हवी, पण तीस वर्षांनी कसली चौकशी होणार? घर कधीचं ते सांगणारे शेजारी एव्हाना वारलेले असतात. उशीर झाला की पुरावा मरतो आणि खोटा दावा करणाऱ्याला तेच बरं पडतं. तुमचं नुकसान त्यात जास्त.

@फोंड्याची वकील वारसांचं खरं आहे, पण नोटीस परत आली की लगेच पेपरात जाहीर नोटीस द्या, असा हुकूम करायलासुद्धा खुर्चीत माणूस असावा लागतो. तो हुकूम व्हायलाच किती तारखा जातात तुम्हीच सांगा.

सांगेकर
मला वेगळंच म्हणायचंय. या केसी सुटाव्यात असं राजकारण्यांना वाटतच नाही. घर नावावर झालं की माणूस आमदाराच्या दारात कशाला जाईल? 2014 ला कुळांचे दावे मामलेदाराकडून काढून दिवाणी कोर्टात नेले, कुळं विरोध करायला रस्त्यावर उतरली कारण कोर्टाचा खर्च आणि वकील गरिबाला परवडत नाही, मग परत मामलेदाराकडे. या जा-ये मध्ये वर्षं कोणाची गेली? 2025 मध्ये सरकारी आणि कोमुनिदादीच्या (गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या) जमिनीवरची घरं कायदेशीर करायला कायदे बदलले, म्हणजे मनात आलं की विधानसभेत भराभर होतं सगळं. आणि ज्याचा हक्क 1975 मध्येच मान्य झाला तो अजून तारखा करतोय, राग येतो याचा.

पर्वरीवाला
सांगेकरांशी सहमत, म्हणूनच म्हणतो पदांपेक्षा उजेड पाडा. प्रत्येक केसीचा रोजनामा, म्हणजे तारखेगणिक काय झालं त्याची नोंद, ऑनलाइन टाका. कधी दाखल झाली, किती वेळा तहकूब झाली आणि कशामुळे, वकील नव्हता, नोटीस पोचली नाही की साहेब नव्हते. सहा महिन्यांत कळेल दोष कुठे आहे. याला नवीन नोकर लागत नाही.

फोंड्याची वकील
हे मात्र चालेल. आणि त्यात आम्हा वकिलांच्या तहकुबीही लिहा, त्या कमी नसतात.

डिचोलीकर
रोजनामा ऑनलाइन टाका, आनंद आहे. पण "साहेब नव्हते" असं शंभर वेळा लिहून आलं तर पुढे काय? शनिवारी सुनावण्या घ्यायचं मागे सरकारनेच ठरवलेलं, म्हणजे आठवड्यात वेळ नाही हे त्यांनीच मान्य केलं ना. नवीन भरती नको असेल तर आहेत त्या जॉइंट मामलेदारांतला एक फक्त यासाठी बाजूला काढा आणि त्याला निवडणूक, बंदोबस्त, देवस्थान कशालाच हात लावायचा नाही असा लेखी आदेश काढा. पुढच्या अधिवेशनाआधी आमच्या आमदाराला हेच लिहून देणार आहे, रोजनाम्याची मागणीही घालतो.

भाटांतलो
त्यात परदेशातल्या वारसाला ईमेलने नोटीस चालावी हेही घाला. माझे दोन चुलतभाऊ तिकडे आहेत, फोनवर बोलतात पण टपाल घेत नाहीत.

पर्वरीवाला
आहेत त्यांतला एक बाजूला काढायला ना नाही. बारा नव्या पदांना विरोध कायम.