बेंटन काउंटी (आर्कान्सा): इथलं राहणं खरंच स्वस्त आहे का?

ओझार्कवासी (धागाकर्ता):
गेल्या आठवड्यात डॅलसहून मित्राचा फोन आला. "बेंटनव्हिलला यायचं घाटतंय. तिकडे स्वस्ताई आहे म्हणतात, खरं का?" मी २०१७ पासून इथे आहे, तरी चटकन "हो" म्हणवेना.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातली ही काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. सॅम वॉल्टन यांनी १९५० मध्ये बेंटनव्हिलच्या चौकात दुकान थाटलं आणि १९६२ मध्ये शेजारच्या रॉजर्समध्ये पहिलं वॉलमार्ट उघडलं. मुख्यालय आजही बेंटनव्हिललाच. २०१० च्या जनगणनेत काउंटीची वस्ती सुमारे २ लाख २१ हजार होती, २०२० मध्ये २ लाख ८४ हजार झाली. त्यातच मे २०२४ मध्ये वॉलमार्टने डॅलस, अटलांटा, टोरांटोच्या कार्यालयांतल्या बहुतेकांना मुख्यालयाच्या गावी यायला सांगितलं.

मी आलो तेव्हा टू-बेडरूमचं भाडं ८२५ डॉलर होतं. त्याच घराला आता १,४५० मोजतो. मला झेपतं. पण राज्याचं किमान वेतन २०२१ पासून तासाला ११ डॉलर आहे. आठवड्याचे ४० तास धरले तर महिन्याला जेमतेम १,९०० होतात, तेही कर कापायच्या आधी. भाडं दिल्यावर उरतं काय?

आमच्या वरच्या मजल्यावर एल साल्वाडोरची एक बाई राहायची. कोंबडी कापायच्या कारखान्यात रात्रपाळी. सकाळी जिन्यात भेटली की रबरी बूट हातात असायचे, आणि बोटं इतकी सुजलेली की किल्ली फिरवायला माझ्या हातात द्यायची. भाडं वाढलं तशी ती मिझुरीच्या हद्दीपलीकडे पाइनव्हिलला राहायला गेली. आता रोज जाऊन-येऊन पन्नासेक मैल. बस नाहीच, चौघीजणी मिळून एक गाडी करतात. ज्या गावाचं पोट हिच्यासारख्यांच्या हातांवर चालतं, त्या गावात तिला जागा नसेल तर त्याला स्वस्त गाव म्हणायचं का?

पलूसकर_रॉजर्स:
तुमची कळकळ समजते, पण चित्र एकाच बाजूने रंगवलंय. आम्ही न्यू जर्सीहून आलो. तिथे घरपट्टीच वर्षाला दहा हजारांच्या घरात होती, इथे तिच्या तिसऱ्या हिश्श्यात भागतं. ऑफिस बारा मिनिटांवर. मुलगी सायकलने जंगलातल्या वाटेवरून क्रिस्टल ब्रिजेसला जाते. ते संग्रहालय २०११ मध्ये उघडलं आणि तिथे आजही तिकीट नाही. किराण्यावरचा राज्याचा करही २०२६ पासून गेला (गावाचा आणि काउंटीचा राहिलाय).

आणि माणसं! २६ मे २०२४ च्या पहाटे टोर्नेडो आला तेव्हा आमच्या दारात भलामोठा ओक आडवा पडला होता. उजाडायच्या आत एक अनोळखी गृहस्थ चेनसॉ घेऊन हजर. दुपारपर्यंत वाट मोकळी केली आणि पाणीसुद्धा न घेता पुढच्या घरी गेले. हे कुठल्या हिशोबात धरणार?

माझे आजोबा किर्लोस्करवाडीला कामाला होते. १९१० मध्ये त्या माळावर निवडुंगाशिवाय काही नव्हतं. एका उद्योगाने गाव उभं केलं आणि आमच्या तीन पिढ्या शिकल्या. मोठ्या कंपनीभोवती गाव वाढतं, त्यात वाईट काय?

मनस्वी_बेंटनव्हिल:
पलूसकरदादा, कंपनीचे दिवस बरे असतात तोवर वाईट काहीच नाही. माझ्या नवऱ्याची एका पुरवठादार कंपनीतली नोकरी गेली. एच-१बी, म्हणजे नोकरीवर अवलंबून असलेला व्हिसा; नवी नोकरी शोधायला हातात ६० दिवस. डॅलसला असतो तर दहा ठिकाणी अर्ज केले असते. इथे शेकडो कंपन्यांची ऑफिसं दिसतात खरी, पण बहुतेकांचं गिऱ्हाईक एकच, वॉलमार्ट. त्या एका घरी हात आखडला की सगळ्यांकडे एकदमच भरती थांबते. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून; मला कामाची परवानगी नाही. मुलाची शाळा अर्ध्यावर सोडून आम्ही निघायच्या बेतात होतो, चोपन्नाव्या दिवशी ऑफर आली. तेव्हापासून घर घ्यायचा विषय मी काढू देत नाही. व्हिसावर असलेल्यांनी इथली "स्वस्ताई" मोजताना ही जोखीम धरायलाच हवी.

पलूसकर_रॉजर्स:
मनस्वीताई, हे वाचून वाईट वाटलं. पण ६० दिवसांची टांगती तलवार डॅलसलाही आहेच की. ती व्हिसाच्या कायद्याची, काउंटीची नव्हे.

ओझार्कवासी:
तलवार तीच, पण तिथे पळायला वाटा जास्त. आणि किर्लोस्करवाडीचा दाखला तुम्हीच दिलात म्हणून विचारतो: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्याबरोबर कामगारांची घरंही बांधली ना? ती वसाहत होती म्हणून तुमचे आजोबा तिथे राहू शकले. इथे वॉलमार्टचं नवं ३५० एकरांचं संकुल २०२५ मध्ये सुरू झालं. झाडं, तळी, सायकलींच्या वाटा, सगळं देखणं आहे आणि मला आवडतं. पण रात्रपाळीवाल्यांनी कुठे राहायचं, ते बाजारावर सोडलंय. तोच बाजार त्यांना हद्दीबाहेर ढकलतोय. माझी तक्रार एवढीच आहे. मित्राला मी "ये" असंच सांगणार आहे. पगार त्याच्याएवढा असेल तर सुखात राहील.

पलूसकर_रॉजर्स:
आजोबांच्या घराचं खरं आहे. दोन खोल्या, पुढे अंगण, आणि कामावर चालत जायचे.

एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत भाड्याच्या तीन मजली इमारतींचा प्रस्ताव आला होता. गाड्यांची गर्दी होईल, घरांच्या किमती पडतील म्हणून विरोधाचं पत्र निघालं. त्यावर मीही सही केली होती. तिथे कोण राहायला येणार होतं, हा विचार तेव्हा मनाला शिवलाच नाही. प्रस्ताव बारगळला. ती जागा आज स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते, नुसतं कमरेएवढं गवत.