कोक ओ व्हँचं सारण केसाडियात, मधुमेहींसाठी कसं जमवायचं?

प्रश्न: कोक ओ व्हँ म्हणजे रेड वाइनमधलं फ्रेंच चिकन. केसाडिया म्हणजे टॉर्टियात (मेक्सिकन पोळीत) चीज-सारण भरून, घडी घालून तव्यावर भाजायचं. त्यात हे सारण भरलं की टॉर्टिया खालून लिबलिबीत होतो. रस्सा दाट करायला मैदा-लोणी लागतं, तेही टाळायचंय. दोघांपुरतं प्रमाण सांगाल का?

उत्तर १: मैदा हवाच कशाला? रस्सा आटवा. २५० ग्रॅम मांडीचं बोनलेस चिकन (छातीचं चोथा होतं), १५० ग्रॅम मशरूम, १ छोटा कांदा, २ लसूण पाकळ्या, थाइम (सुगंधी पानं), १०० मिली कोरडी रेड वाइन, तेवढाच बिनमिठाचा स्टॉक (चिकनचं उकळलेलं पाणी). मशरूम आधी कोरड्या तव्यात, पाणी सुटून आटेपर्यंत परता. निम्मी गडबड इथेच होते. चिकन थोड्या तेलात लालसर करून कांदा-लसूण परता, वाइन-स्टॉक ओता, झाकून २५ मिनिटं शिजवा. चिकन काढून विस्कटा. रस्सा उघडाच आटवा. चमचा ओढल्यावर तळाला रेघ राहिली की बस. सगळं एकत्र करा आणि गार झाल्यावरच भरा, नाहीतर वाफेनेच टॉर्टिया भिजतो.

उत्तर २: टॉर्टिया ६ इंची मक्याचा घ्या, एकात साधारण ११-१२ ग्रॅम कर्बोदकं. ८ इंची मैद्याच्यात दुप्पट. माणशी दोन. ग्रुयेर चीज सारणाच्या खाली आणि वर, म्हणजे घडी चिकटते. मंद आचेवर दोन्ही बाजू ३-३ मिनिटं.

उत्तर ३: मूळ कृतीतलं बेकन (डुकराचं खारवलेलं मांस) वगळा, धुरकट चवीला स्मोक्ड पॅप्रिका (धुरावलेल्या लाल मिरचीची पूड) पुरते. वाइनमधलं अल्कोहोल शिजवून पूर्ण उडत नाही. नको असेल तर जास्तीचा स्टॉक आणि १ चमचा रेड वाइन व्हिनेगर. द्राक्षाचा रस मात्र नको, ती निव्वळ साखर.